खड्गकोटच्या लढाईतला बजरंग

बजरंग मरणार, ही बातमी मंगळवारी दुपारी उमरवाडीत पसरली आणि सगळ्या गावाला आनंदाचं भरतं आलं.

टीव्हीवर 'खड्गकोट' नावाची नवी मालिका येणार होती. राजा मनातला, राज्य मनातलं, काळ म्हणे सहाशे वर्षांमागचा. महिनाभर तिची जाहिरात चालू होती. तलवारी, आगी, गडगडत जाणारी मुंडकी, आणि शेवटी एक भारदस्त आवाज सांगायचा की लहान मुलांनी आणि नाजूक काळजाच्या माणसांनी ही मालिका पाहू नये. तेव्हापासून गावातली झाडून सारी लहान मुलं आणि नाजूक काळजाची म्हातारी माणसं रविवारची वाट बघत होती.

मंगळवारी नवी जाहिरात आली. तिच्यात डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात एक मिशाळ सैनिक तलवार उगारून आरोळी ठोकताना दिसला. पारावर बसलेल्या कुणीतरी मोबाइल थांबवून चित्र मोठं केलं आणि ओरडला, "आरं, ह्यो तर आपला बजरंग मांडववाला!"

बजरंगचा धंदा मांडव, खुर्च्या आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा. निलंगा तालुक्यातल्या निम्म्या नवरानवरींच्या डोक्यावर त्याचंच कापड असायचं. गडी सहा फूट उंच, मिशा कानापर्यंत, आवाज असा की माइक नसला तरी चालेल. पण देवानं हे सगळं बाहेरूनच दिलेलं. आत काळीज शेरडाच्या पिलाचं. कोंबडी कापायची झाली तर बायकोला पुढं करून हा शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा.

झालं होतं ते असं. उदगीरच्या पलीकडं एका माळावर मालिकेवाल्यांनी प्लायवूडचा किल्ला उभा केला होता. त्यांच्या जेवणाचा मांडव बजरंगचा. लढाईच्या दिवशी सकाळी एका सैनिकाचं पोट बिघडलं. मंजुश्री नावाची एक चटपटीत बाई तिथं सगळ्यांना पळवायचं काम करायची. तिची नजर बजरंगच्या मिशांवर पडली आणि पाचच मिनिटांत बजरंगच्या अंगावर चिलखत चढलं.

काम सोपं होतं. तलवार उगारायची, आरोळी ठोकायची, समोरून घोडदळ येईल तेव्हा जागेवर उभं राहायचं. घोडे त्याच्या अलीकडंच वळवणार होते. मग छातीवर बाण चिकटवून बजरंगला पाडणार होते. आरोळीपर्यंत सगळं झकास झालं. मग समोरून धुरळा उठला आणि त्या धुरळ्यातून तीस घोडी बाहेर पडली.

घोडी खरी होती. बजरंगला हे आधी माहीत होतं, पण लांबून माहीत असणं निराळं आणि पायाखालची जमीन थरथरायला लागल्यावर कळणं निराळं. त्यानं तलवार टाकली, पाठ फिरवली आणि चिलखतासकट जो धूम पळाला तो थेट आपल्याच मांडवात जाऊन, वरणाच्या पातेल्यामागं बसला.

आता आपल्याला हाकलणार, असं त्याला वाटलं. तर डायरेक्टर खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. "अशी भीती मी वीस वर्षांत बघितली नाही!" म्हणाला. मग त्यांनी बजरंगला आणखी एकदा पळवलं, जवळून चेहरा टिपला, पाठीवर बाण चिकटवून उपडं पाडलं, हातात जेवणाचा डबा दिला आणि वाटेला लावलं.

घरी आल्यावर तनुजानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "मग मेलात कसे तुमी?"

"छातीवर बाण घेतला," बजरंग म्हणाला.

एवढंच एक वाक्य तो खोटं बोलला. पण गावात वाक्य पायी हिंडत नाही. जाहिरात आली त्या संध्याकाळपर्यंत एका बाणाचे तीन झाले. दुसऱ्या दिवशी मरता मरता त्यानं पाच जणांना लोळवलं असं ठरलं. गुरुवारी न्हाव्याच्या दुकानात त्याची दाढी फुकट झाली. "मरणाऱ्या माणसाकडून काय घ्यायचं?" न्हावी म्हणाला.

एकट्या केवळाबाईला, बजरंगच्या आईला, हा सोहळा पसंत नव्हता.

"मरतूस का तू त्याच्यात?" तिनं विचारलं.

"माय, खोटं मरण हाय गं. मी हितं तुझ्यासमोर बसलाव न्हाई का?"

"बसला हायस ते दिसून राह्यलंय मला. पण तिथं मरतूस का न्हाई?"

"मरतो."

"मग मी न्हाई येणार बगायला. तुझ्या बापाचं बगितलं, तेवढं बास झालं मला." आणि ती तोंडाला पदर लावून गोठ्याकडं गेली. म्हशीशी मात्र ती बराच वेळ बोलत होती.

शुक्रवारी लातुराहून सासऱ्याचा फोन आला. अण्णारावांची लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत होती. सोयाबीनची रास नुसती हातात घेऊन ओल किती ते सांगणारा माणूस. आवाज चढा, मिशा जावयापेक्षा मोठ्या. लग्न ठरलं तेव्हा मुलगा जरा मऊ आहे, ही त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती.

"जावईबापू!" फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. "मोंढ्यात सगळ्यांना जाहिरात दावली. लई छाती फुगली बगा माझी. रविवारी दोन जीपा भरून येऊन राहिलो. एकच सांगा, बाण छातीवर घेतला ना? पाठीवर न्हाई ना?"

"छ... छातीवरच, मामा."

"शाब्बास! आमच्या घराण्यात पाठ दाखवायची रीत न्हाई. आमच्या आजोबांनी रझाकाराला सुद्धा पाठ दाखवली न्हाई!"

फोन ठेवल्यावर तनुजा म्हणाली, "खरं हाय ते. पाठ दिसलीच न्हाई त्यांची. पणजीनं सांगितलंय मला, समदे दिवस कडब्याच्या गंजीत होते ते."

इतर वेळी बजरंग पोट धरून हसला असता. आज त्यानं नुसता फोन उलटा करून ठेवला.

त्यातच गावानं ठराव केला. रविवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या मैदानात मोठ्या पडद्यावर 'खड्गकोट'चा पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघायचा. मांडव, खुर्च्या आणि स्पीकर अर्थातच बजरंगचे. म्हणजे आपली बेइज्जती सगळ्यांना नीट दिसावी, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावी आणि बघणाऱ्यांना खाली बसायला लागू नये, ही सारी व्यवस्था त्यानं स्वतःच्या हातानं करायची. त्यानं ती केली. खांब रोवताना त्याला वाटलं, ह्यापेक्षा घोडी बरी होती.

शनिवारी त्यानं मंजुश्रीला फोन लावला.

"मॅडम, माझं एक काम होतं. माझा सीन तेवढा काढून टाकता येईल का?"

"काढून? अहो, सकाळपासून सतरा जणांचे फोन आलेत. सगळ्यांना आपला सीन वाढवून पाहिजे. काढा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"तेवढा उपकार करा."

"आता काही होत नसतं. काय ठेवलं, काय कापलं, ते मलासुद्धा उद्याच कळेल." आणि कुणावर तरी ओरडतच तिनं फोन ठेवला.

राहता राहिला एक उपाय. धम्मानंद. हा बजरंगचा शाळेपासूनचा मित्र आणि गावचा वायरमन. वर्षभर गावात लाइट जायची. वारा सुटला तर जायची, वारा नाही सुटला तर उकाड्यानं सगळ्यांचे पंखे चालू होऊन जायची. मग एक रविवार संध्याकाळी तासभर गेली तर कुणाच्या बापाचं काय जाणार होतं?

धम्मानंद विजेच्या डीपीजवळच्या चिंचेखाली हातमोजे झटकत बसला होता. बजरंगनं आडून आडून विषय काढला. धम्मानंदनं मान वर केली.

"म्हंजे उद्या सात वाजता लाइट घालवू म्हणतूस?"

"तासभरच."

"येडा झालास का रं? बारा म्हैने लाइट गेली की माझ्या आईचा उद्धार करतंय गाव. पहिल्यांदाच सरपंच आपण होऊन माझ्या घरी आला, च्या पिला, म्हणला, धम्मानंद, इज्जतीचा सवाल हाय. सब-स्टेशनला सांगून ठिवलंय मी. सकाळधरनं फांद्या तोडून राहिलो. उद्या तारेवर कावळा सुद्धा बसू देणार न्हाई." मग त्यानं मित्राचा चेहरा नीट बघितला. "काय झालंय तुला? खरं सांग."

बजरंगनं खरं सांगितलं. घोडी, धुरळा, वरणाचं पातेलं, सगळं. धम्मानंद आधी गंभीर होऊन ऐकत होता. पातेल्यापाशी त्याचा बांध फुटला. तो इतका हसला की त्याला चिंचेला धरून उभं राहावं लागलं.

"हास, हास. उद्या सगळं गाव हासणार हाय. मामा तर तनुजाला जीपीत घालून वापस नेतील."

"घोडी खरी होती ना?" डोळे पुसत धम्मानंदनं विचारलं.

"खरी."

"तीस?"

"तीस."

"मग? माझ्याकडं बग. वायर जिती दिसली की मी चार पावलं मागं सरतो. म्हणून अठरा वर्षं झाली, घरी जाऊन जेवून राहिलो. त्याला कुणी भित्रा म्हणत न्हाई, सेफ्टी म्हणतेत."

"तुझ्या सेफ्टीला कुणी मोठ्या पडद्यावर दावत न्हाई, धम्या."

"ते बी खरं," धम्मानंद म्हणाला. "पण लाइट जाणार न्हाई."

रविवारी पाचपासूनच मैदान भरायला लागलं. आजूबाजूच्या वाड्यांवरून ट्रॅक्टर आले. भज्यांची गाडी आली, फुगेवाला आला. सहा वाजता लातूरच्या दोन जीपा येऊन थांबल्या. अण्णाराव खाली उतरले ते हातात गुलाबी फेटा घेऊनच. आपल्या हातानं त्यांनी तो जावयाच्या डोक्याला बांधला, गळ्यात हार घातला आणि त्याला पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये, गादीच्या खुर्चीवर बसवलं.

"लगीन लागतंय जणू," मागून कुणी बोललं.

"न्हाई, मयत हाय," दुसरं म्हणालं. हशा झाला.

बजरंगनं वर बघितलं. दिवा लख्ख जळत होता. थरथरतसुद्धा नव्हता. डीपीपाशी धम्मानंद टेस्टर घेऊन पहारेकऱ्यासारखा उभा होता. त्यानं लांबून अंगठा दाखवला.

सातला मालिका सुरू झाली. पहिल्या पाच मिनिटांत दोन मुंडकी उडाली आणि गावानं शिट्ट्या मारल्या. एका सरदाराला उकळत्या तेलात टाकलं तेव्हा भजीवाल्याकडं बघून कुणीतरी बोललं आणि सगळे हसले. नाजूक काळजाचे म्हातारे पुढं सरकून बसले होते. राजाच्या भावानं राजाला विष दिलं, राणीनं भावाच्या पोटात कट्यार खुपसली, आणि एका आजीनं "लई चांगलं केलंस बाई!" म्हणून पडद्यालाच दाद दिली. रक्त इतकं वाहत होतं की पडदा धुवावा लागेल असं वाटत होतं.

मग लढाईचा माळ आला.

"आलं, आलं! गप बसा!"

पडद्यावर बजरंग उभा राहिला. दोन माणसं उंच. चिलखत चमकतंय, मिशा फुरफुरताहेत. त्यानं तलवार उगारली आणि आरोळी ठोकली. ती आरोळी त्याच्याच स्पीकरमधून अशी निघाली की झाडावरची वटवाघळं उडाली. गाव उठून उभं राहिलं. अण्णारावांनी दोन्ही हात वर केले आणि लातूरच्या पाहुण्यांकडं वळून ओरडले, "जावई माझा! जावई!"

खऱ्या बजरंगनं डोळे मिटले.

जमीन धडधडायला लागल्याचा आवाज आला. घोड्यांच्या टापा. मग मैदानातला गोंगाट हळूहळू कमी झाला आणि बंदच पडला. बजरंगनं एक डोळा उघडला. पडद्यावर त्याचा चेहरा होता, नुसता चेहरा. मिशा खाली आलेल्या, डोळे लिंबाएवढे, ओठ लहान पोरासारखे वाकडे झालेले. तलवार हातातून गळाली. पाठ फिरली. आणि गडी पळायला लागला.

त्यातून डायरेक्टरनं ते पळणं संथ केलेलं. एकेक पाऊल वर उठायचं, हवेत राहायचं, खाली यायचं. गाल हलत होते. मागं कुणीतरी बाई दर्दभऱ्या सुरात आलाप घेत होती. उमरवाडीनं एवढा मोठा आणि एवढा सावकाश पळणारा बजरंग कधी बघितला नव्हता. कुणी हसेना, कुणी शिट्टी मारेना. शेजारच्या खुर्चीतून अण्णाराव श्वास घेताहेत की नाही तेसुद्धा कळत नव्हतं.

तेवढ्यात अगदी मागून, मांडवाच्या शेवटच्या खांबापासून आवाज आला.

"पळ! पळ रं माझ्या लेकरा!"

सगळ्यांनी माना वळवल्या. केवळाबाई उभी होती. येणार नाही म्हणालेली, घरात बसून स्पीकरवरची आरोळी ऐकली आणि राहवलं नाही म्हणून तशीच धावत आलेली. पदर डोक्यावरून खाली आलेला, एका हातानं खांब धरलेला.

"मागं बगू नगंस! पळ! त्या झुडपाकडं जा, झुडपाकडं!"

पडद्यावर बजरंगच्या डावीकडचा सैनिक बाण लागून पडला. उजवीकडचा पडला. केवळाबाईनं किंकाळी फोडली. मग तिच्या शेजारची बाई ओरडली, "पळ भावजी!" मग बायकांची सगळी बाजू उठली. मग पोरं, मग पारावरचे, मग न्हावी. "पळ बजरंग! घोडं आलं मागं! वाक, वाक!" अख्खं मैदान हातवारे करत त्याला वाट दाखवायला लागलं. खुर्च्या उलटल्या. आणि त्या सगळ्या कल्लोळातून बजरंगला आपल्या कानाशी एक ओळखीचा चढा आवाज ऐकू आला.

"पळा, जावईबापू, पळा! आवो, जोरात पळा की!"

अण्णाराव खुर्चीवर चढले होते.

एक बाण सूंऽऽ करत आला. बजरंगला ठाऊक होतं, हा आपला बाण. आता पाठीत घुसणार, आता आपण उपडे पडणार. बाण आला आणि कुणा दुसऱ्याच्याच ढालीत घुसला. पडद्यावरच्या बजरंगनं झुडपावरून उडी मारली आणि तो दिसेनासा झाला. त्याचं पडणं कापून टाकलं होतं. माळावर प्रेतांचा खच पडला, कावळे उतरले, बाईचा आलाप संपला. खड्गकोटच्या अख्ख्या सैन्यातून एकटा माणूस वाचला होता आणि तो उमरवाडीचा होता.

साबणाची जाहिरात लागली. मैदानात असा जल्लोष झाला की गावानं क्रिकेटचा कप जिंकला तेव्हाही झाला नव्हता. केवळाबाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं खऱ्या बजरंगच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "शहाणं गं माझं लेकरू," म्हणाली. "बाकीच्यांच्या मायांनी काय शिकवलं होतं कुणास ठाऊक."

अण्णाराव खुर्चीवरून उतरले. घाम पुसला. मग त्यांना भान आलं की सोबत मोंढ्यातले चौदा लोक आहेत आणि ते सगळे आपल्याकडंच बघताहेत. त्यांनी मिशांवर हात फिरवला.

"गनिमी कावा हाय ह्यो," ते मोठ्यानं म्हणाले. "समजलं का? शत्रूला वाटतंय पळाला. पुढच्या रविवारी बगा, मागनं येऊन एकेकाची खांडोळी करतोय जावई माझा! काय जावईबापू?"

सगळं गाव बजरंगच्या तोंडाकडं बघायला लागलं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पुढचा आठवडाभर फुकट दाढी, फुकट चहा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा हाच मांडव, हीच खुर्ची, हाच हार.

बजरंग उठला, त्यानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला, स्पीकरशेजारचा माइक घेतला आणि मालिकेचा आवाज बारीक केला.

"मामा, गनिमी कावा बिवा काय न्हाई," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मी येत न्हाई. मी खराच पळालो. नाटकातलं पळणं नव्हतं ते. घोडी बगितली आन् माझं पाणी पाणी झालं."

मग अंधारातून धम्मानंदचा आवाज आला, "पातेल्याचं सांग की!"

"कसलं पातेलं?" सरपंच म्हणाला.

बजरंगनं पातेल्याचं सांगितलं. आधी चाचरत, मग जरा खुलून. चिलखताचा पट्टा कसा सुटला, ते गुडघ्यापर्यंत कसं घसरलं, वाढपी पळी घेऊन कसा अंगावर धावून आला, पातेल्यामागं बसल्या बसल्या भुकेनं त्यानं दोन भाकरी कशा खाल्ल्या. सांगताना तो पळूनही दाखवायला लागला. पहिली रांग हसली, मग दुसरी. एक म्हातारा ठसका लागून आडवा झाला. साबणाची जाहिरात केव्हाच संपली होती आणि पडद्यावर राणी कुणाचे तरी डोळे काढत होती, पण तिकडं आता कुणाचंही लक्ष नव्हतं.

"घोडं केवढं होतं म्हणालात?" अण्णारावांनी मध्येच विचारलं.

"ह्या खांबाएवढं, मामा."

अण्णारावांनी खांबाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आपल्या माणसांकडं वळून, आवाज जमेल तेवढा बारीक करून म्हणाले, "एवढ्या घोड्यापुढं मी बी थांबलो नसतो." त्यांचा बारीक आवाज भजीच्या गाडीपर्यंत गेला.

तनुजानं वडिलांकडं बघितलं, तोंडात पदर कोंबला आणि बायकांच्या घोळक्यात तोंड लपवून हसत सुटली.

"मांडवात शिरल्यावर काय झालं, ते परत एकदा सांग," मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "हिकडं नीट ऐकू आलं न्हाई."

बजरंगनं स्पीकरचा आवाज वाढवला आणि पुन्हा घोड्यांपासून सुरुवात केली.